क्रमांक आणि साक्ष

दूरध्वनीच्या क्रमांकाने माणसाची ओळख पटवावी, असा मुळात कोणाचाच संकल्प नव्हता. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनी-केंद्रे सुरू झाली. पुढे क्रमांक रूढ झाले, तेही तारेचे टोक ओळखण्यापुरते. तार भिंतीत असे. म्हणून क्रमांक घराचा असे, माणसाचा नव्हे.

हे बंधन दोन टप्प्यांनी सुटले. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिले मोबाइल संभाषण कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. क्रमांक घर सोडून खिशातल्या सिमकार्डाच्या आश्रयाला गेला. त्याच वर्षी इस्राएलमधील व्होकलटेक कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याची सोय बाजारात आणली. २००३ साली स्काइप आणि २००९ साली अमेरिकेत गूगल व्हॉइस आले. आता क्रमांकाला तारही नको, कार्डही नको. तो संगणकातील नोंद झाला. परवलीचा शब्द ज्याच्यापाशी, त्याने ती कोठूनही उघडावी.

नेमक्या याच काळात जगाने क्रमांकाला साक्षीदार नेमले. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना अधिक एका पडताळणीची सक्ती केली. पुढे हे काम बहुतांशी मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाकडे गेले. तो संकेतांक सांगतो की, अमुक कार्ड या माणसाच्या हाती आहे. इंटरनेटवरील क्रमांकाला ही साक्ष देता येत नाही. म्हणूनच २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने आपल्या नियमावलीत अशा पडताळणीसाठी तो वर्ज्य ठरविला. मात्र साध्या मोबाइल संदेशालाही तिने निर्धास्त मानले नाही; कारण सिमकार्ड बदलून घेणारा भामटा दुसऱ्याचा साक्षीदार फितवू शकतो.

नियम रास्त, पण त्याची झळ प्रामाणिकालाही लागते. माझे एक वृद्ध स्नेही परदेशी मुलाकडे राहावयास गेले. येथील सिमकार्ड बंद पडले. मुलाने इंटरनेटवरील क्रमांक मिळवून दिला, तो बँकेने नाकारला. स्वतःच्याच निवृत्तिवेतनाच्या दाराशी ते परके ठरले!

शिक्का निराळा आणि शिक्क्याचा धनी निराळा, हे कोणताही जुना कारकून जाणत असे. क्रमांकाला साक्षीस अवश्य बोलवावे. परंतु तो गैरहजर असताना खऱ्या धन्याला आपली ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग खुला असावा, एवढे तरी आपण मागितले पाहिजे.