चौरसाची वाटणी आणि ‘मला माहीत नाही’

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात नुसते शब्दच फार असतात, अशी तक्रार नेहमी असते. म्हणून आज फळ्यावर एक चौरस काढला आहे. याचे सारखे भाग करायचे, एवढंच काम. दोन, चार, आठ भाग तर आपण रुमालाची घडी घालताना लहानपणापासून करत आलो आहोत. पण याच साध्या कामात माणूस ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला शिकला. तो इतिहास मला आज सांगायचा आहे.

सुरुवात ग्रीसपासून करू. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने ‘मेनो’ नावाचा संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढतो. बाजू २ फूट, क्षेत्रफळ ४. मग विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे ८ क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यायची? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट, ४ फूट. मोजून बघतात तर क्षेत्रफळ भरतं १६. बरं, मग ३ फूट? ते होतात ९. आता सॉक्रेटिस म्हणतो, आकडा सांगायचा नसेल तर नुसती रेघ दाखव. आणि मुलगा कबूल करतो की मला माहीत नाही.

इथे जरा थांबू या. सॉक्रेटिस मेनोला विचारतो, याचं नुकसान झालं का? आधी याला वाटत होतं की आपल्याला येतं. आता येत नाही हे तरी कळलं. मग तो १६ चा मोठा चौरस घेतो. त्याचे चार सारखे चौरस आहेतच. प्रत्येकातून एकेक कर्ण काढतो. प्रत्येकाचा अर्धा भाग आत राहतो, अर्धा बाहेर. आतले चार अर्धे मिळून एक तिरपा चौरस होतो, क्षेत्रफळ ८. म्हणजे हवी असलेली बाजू मूळ चौरसाचा कर्णच होता! ‘आकडा नको, रेघ दाखव’ असं तो का म्हणाला, ते आता लक्षात येईल. त्या रेघेची लांबी कुठल्याही पूर्णांकात किंवा अपूर्णांकात नेमकी सांगताच येत नाही.

आता आपल्याकडे या. बौधायनाचं शुल्बसूत्र प्लेटोच्या आधीचं मानलं जातं. शुल्ब म्हणजे दोरी. चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र देते, हा नियम तिथे स्पष्ट सांगितलेला आहे. तिथे गरज होती यज्ञाच्या चितीची. श्येनचितीत विटांचे पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा. आजचा गवंडीही सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तोच दंडक तिथेही होता. त्यासाठी चौरस वीट एका कर्णावर कापली की अर्ध्या, दोन्ही कर्णांवर कापली की पाद्या, अशा सारख्या वाटण्या करून थर फिरवून लावायचे.

पण दोरीने कर्ण मिळाला तरी त्याचं माप सांगायला आकडा लागतोच. शुल्बसूत्र सांगतं, बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. येतात १.४१४२१५७. खरं मूल्य १.४१४२१३६… असं न संपणारं. फरक पाचव्या दशांशस्थानानंतर! आणि या मापाला नाव दिलंय ‘सविशेष’. त्याचा अर्थ काही अभ्यासक ‘थोडं शिल्लक उरणारं’ असा घेतात. तो अर्थ बरोबर असेल, तर ‘नेमकं हाती आलेलं नाही’ ही कबुली नावातच आहे.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. चौरसाचे सारख्या क्षेत्रफळाचे त्रिकोण करा. आकार वेगवेगळे चालतील. संख्या सम असेल तर सोपं आहे: पट्ट्या पाडा, प्रत्येकीत कर्ण काढा. पण तीन? करून बघा, एक त्रिकोण नेहमी अर्धा चौरस खाऊन टाकतो. पाच? सात? १९६०च्या दशकात अमेरिकेत फ्रेड रिचमन नावाच्या गणितज्ञाने हा प्रश्न परीक्षेत घालायचं मनात आणलं, आणि त्याला स्वतःलाच तो सुटेना. परीक्षकच त्या गुलाम मुलाच्या जागी आला! १९७० साली पॉल मॉन्स्कीने सिद्ध केलं की विषम संख्येत अशी वाटणी होऊच शकत नाही. त्याने प्रतलावरचे बिंदू एका युक्तीने तीन रंगांत वाटले. चौरसाची बाजू १ धरली, तर कोणत्याही विभागणीत तीन कोपरे तीन रंगांचे असा एक तरी त्रिकोण येतोच, आणि त्याचं क्षेत्रफळ एक-पंचमांश, एक-सप्तमांश असं विषम छेदाचं असू शकत नाही.

हे डोळ्यांनी कधीच कळलं नसतं. त्रिकोण वाढवत नेले तर फरक इतका बारीक करता येतो की कागदावर वाटणी सारखीच दिसेल. ‘मला जमत नाही’ आणि ‘हे होऊच शकत नाही’ यांतलं अंतर फक्त सिद्धतेनेच ओलांडता येतं.

शेवटी माझी एक कबुली. मी कितीतरी वर्षं ‘मेनो’ शिकवला. मुलगा अडकतो त्या ओळीशी मी कधी थांबलोच नाही. तास संपत आलेला असायचा, कर्ण काढून मोकळा व्हायचो. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘‘सर, त्या मुलाचं नाव काय?’’ प्लेटोने ते दिलेलंच नाही. मेनोचं नाव राहिलं, तो मालक होता. ज्याने सगळ्यांसमोर ‘माहीत नाही’ म्हटलं, तो निनावी राहिला. त्या दिवशी मी वर्गाला म्हणालो, मला माहीत नाही. आणि तास संपला तरी कोणी उठेना.

घरी गेल्यावर कागदाचा एक चौरस घ्या आणि पाच सारखे त्रिकोण करायला बसा. होणार नाहीत, हे आता तुम्हाला माहीत आहे. तरीही बसा.