बोधिधर्माची सनद

अजमलखाँ रस्त्यावरची शेरवान्यांची आणि नाईवाल्यातली मोटारसायकलींच्या सुट्या भागांची दुकाने मागे टाकून, एखाद्या अरुंद जिन्याने वर गेल्यावर लागणारा संध्याकाळचा कुंग फूचा क्लास, करोल बागेत आता कोणाला नवलाचा वाटत नाही. हॉर्स स्टान्समध्ये मांड्या थरथरेपर्यंत उभे राहणाऱ्या पंजाबी मुलांच्या रांगेत एखादा कुलकर्णी वा देशपांडेही सापडावा, इतकी ही विद्या तेथे रुळली आहे. उजव्या मुठीवर डावा तळवा टेकवून नमन झाले, की नव्या विद्यार्थ्याला सरांच्या मुखातून बहुधा एक हकीकत ऐकावयास मिळते: कांचीचा राजपुत्र बोधिधर्म चीनला गेला, ध्यान करता करता कृश झालेल्या शाओलिन मठातील भिक्षूंना त्याने व्यायाम आणि मुष्टियुद्ध शिकविले, आणि तीच आपली विद्या आज चिनी नाव धारण करून माहेरी परतली आहे. २०११ च्या ‘एळाम् अरिवु’ या तमिळ चित्रपटाने तर ह्या हकीकतीवर जणू मोर्तबच केले.

कुळी सांगून हक्क शाबीत करण्याचा प्रकार ह्या वस्तीला परका नाही. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या ज्या निर्वासितांनी करोल बाग गजबजविली, त्यांना सरहद्दीपलीकडे राहिलेल्या घरादाराबद्दल १९५० च्या कायद्याखाली क्लेम दाखल करावे लागले होते, आणि त्या क्लेमांची छाननी कागदपत्रांवरून होई. तेव्हा बोधिधर्माच्या सनदेचीही तशीच छाननी झाली, तर क्लासच्या सरांनी राग मानू नये.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमाराच्या, ल्वोयांग नगरीतील विहारांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात सापडतो. त्यात तो पश्चिमेकडून आलेला एक वयोवृद्ध परदेशी भिक्षू आहे, एका भव्य स्तूपाकडे पाहून विस्मयाने हात जोडणारा आणि – आपल्या अभिमानाला हे जरा झोंबेल – इराणी! दक्षिण भारतातील राजपुत्र तो पुढच्या टिपणांत होतो. मुष्टियुद्धाचा मात्र ह्यांपैकी कोठेही मागमूस नाही. शाओलिनचा मूळ पुरुष खरोखरच भारतीय होता, पण तो बोधिधर्म नव्हे. पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वेई सम्राटाने तो मठ ज्याच्यासाठी बांधविला, त्याचे नाव चिनी ग्रंथांत ‘बातुओ’ असे येते, आणि तो ध्यानमार्गी होता. ६२१ साली मठातील भिक्षूंनी भावी थांग सम्राट ली शिमिन याच्या बाजूने शस्त्र धरले, त्याबद्दल मठाला जमीन इनाम मिळाली, आणि ७२८ च्या शिलालेखात तेरा भिक्षूंची नावे कोरली गेली. परंतु ते कोणत्या पद्धतीने लढले, आणि ती त्यांना कोणी शिकविली, याविषयी तो शिलालेख मूक आहे.

मग बोधिधर्माचे नाव जोडले जाण्यापूर्वी भिक्षू आपल्या बळाचे श्रेय कोणाला देत? येथे प्रकरण खरे रंगते. आठव्या शतकातील एका कथेत दुर्बळ म्हणून सोबत्यांच्या थट्टेचा विषय झालेला एक तरुण भिक्षू वज्रपाणी या बौद्ध रक्षकदेवतेपुढे धरणे धरून बसतो, आणि त्याच्या प्रसादाने भिंतीवर चालण्याइतके सामर्थ्य मिळवितो. पुढे १५१७ च्या शिलालेखात हाच देव किन्नरराजाच्या नावाने अवतरतो: चौदाव्या शतकात लाल मुंडासेवाल्या बंडखोरांनी मठाला वेढा दिला असता, मुदपाकखान्यातील एक नोकर चुलीतील लाकूड हाती घेऊन धावला, त्याने विराट रूप धारण केले, आणि शत्रू पळाला. प्रत्यक्षात बंडखोरांनी मठ लुटलाच होता. पण दैवते असल्या तपशिलांची फिकीर करीत नाहीत. शाओलिनची ख्याती तेव्हा मुठीची नव्हती, लाठीची होती, आणि लाठीचा आद्यगुरू हा किन्नर होता. सतराव्या शतकाच्या आरंभी मठात लाठी शिकून तिच्यावर ग्रंथ लिहिणारा छंग झोंगयौ तर सांगतो की, मुष्टियुद्ध अजून देशात सर्वत्र रूढ झालेले नाही, म्हणून भिक्षू आता त्याची उपासना करीत आहेत. भारताचे ऋण मान्य करावयाचेच असेल, तर ते वज्रपाणीच्या खात्यावर मांडावे; अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ज्या मुकुटधारी बोधिसत्त्वाला आपण वज्रपाणी म्हणतो, तो चिनी मठांच्या दारावरील पीळदार द्वारपालापेक्षा पुष्कळच सौम्य असला तरी.

बोधिधर्माचे नाव येते ते १६२४ च्या सुमारास, ‘यीजिन जिंग’ अर्थात स्नायूंच्या पालटाचे सूत्र, ह्या पोथीबरोबर. पोथीला प्राचीनत्व यावे म्हणून तिला दोन सेनापतींच्या नावे प्रस्तावना जोडल्या आहेत, एक ६२८ ची, दुसरी ११४२ ची. आणि पहिल्या प्रस्तावनेतील गुरुपरंपरेत एका अद्भुत कथेतील कल्पित दाढीवाला वीर बिनदिक्कत सामील झालेला आहे. वतनाच्या तंट्यात असा महजर पुढे आला असता, तर आपल्याकडील एखाद्या मुरब्बी कारकुनाने तो पहिल्याच वाचनात बाजूला सारला असता. त्यातही गंमत अशी की, ही पोथी शरीर बळकट करण्याच्या प्रक्रिया सांगते. प्रतिपक्षाला मारण्याचा एकही डाव तीत नाही. बोधिधर्माला मुष्टियुद्धाचा जनक करण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी ल्यू अ याच्या लोकप्रिय कादंबरीने आणि तिच्यामागून आलेल्या हस्तपुस्तकांनी केले, आणि १९३० साली थांग हाओ या चिनी संशोधकाने ही सारी कुळी बनावट ठरविली. निवाडा होऊन इतका काळ लोटला, तरी तो करोल बागेत पोहोचला नाही. निवाडे कथांच्या वेगाने प्रवास करीत नाहीत.

क्लासचे खरे कुळ मात्र मठात शोधू नये. ठरलेली वेळ, फी, रांगेने उभे असलेले विद्यार्थी, मुलींना मोकळा प्रवेश, आणि घराण्याबाहेरच्या कोणालाही शिकविण्याची तयारी, ही रीत १९१० साली शांघायात स्थापन झालेल्या जिंगवू व्यायामसंस्थेच्या पिढीने घालून दिली; तत्पूर्वी अशी विद्या बहुधा गुरूच्या अंगणात आणि पुष्कळदा त्याच्या कुटुंबातच राही. त्याच सुमारास, १९१४ साली, अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, तोही जिंगवूसारख्याच राष्ट्रीय उद्देशाने. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळींनी आपले देशी खेळ, तर चिनी पथकाने आपले मुष्टियुद्ध, एकाच नगरीत युरोपीय प्रेक्षकांना करून दाखविले. जिन्यावरच्या त्या क्लासच्या भिंतीवर बोधिधर्माशेजारी एखादी जागा रिकामी असेल, तर शांघाय आणि अमरावतीच्या त्या व्यायामशिक्षकांचा तिच्यावर अधिक सबळ क्लेम आहे.