आकडीची नोंद: डोळ्यांकडून यंत्राकडे

मेंदूत विजेचे प्रवाह असतात हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ साली ससे आणि माकडांवर दाखवले. १९१४ मध्ये क्राकोवच्या नेपोलियन चिबुल्स्की यांनी कुत्र्याच्या मेंदूतली आकडी छायाचित्रात टिपली. माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, हान्स बर्गर यांनी प्रसिद्ध केला तो १९२९ साली. या विद्येत जनावराचा नंबर माणसाच्या आधी लागला.

औषधांचा शोध मात्र बराच काळ नुसत्या डोळ्यांवर चालला. बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेचा झटका देऊन कोणत्या रसायनाने आकडी टळते ते तपासले आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध वापरात आले.

झटक्याने आणलेली आकडी समोरच दिसते. तिला घड्याळ पुरते. खरी अडचण पुढे आली. केनिक आम्ल किंवा पायलोकार्पिन ही आकडी आणणारी रसायने दिलेल्या उंदरांना काही दिवसांनी वा आठवड्यांनी आपोआप, रात्री-अपरात्री आकडी येते. म्हणजे नोंद अखंड हवी. सेकंदाला ३० मिलिमीटर वेगाने ईईजीचा कागद सरकला तर एका दिवसाचा पट्टा अडीच किलोमीटरहून लांब भरतो. तो वाचणार कोण?

वाट निघाली ती रुग्णांच्या नोंदींतून. मॉन्ट्रियलच्या ज्याँ गॉटमन यांनी १९७६ मध्ये टोकदार लहरी आणि १९८२ मध्ये पूर्ण आकडी संगणकाकडून ओळखून घेतली. आधीच्या नोंदीपेक्षा उंच आणि लयबद्ध लहरी काही सेकंद टिकल्या की यंत्राने खूण करायची. २००१ च्या सुमारास आणखी सोपी युक्ती आली: आलेखाची रेघ किती लांब होते ते मोजणे. आकडीत रेघ जोराने वरखाली होते, त्यामुळे तिची लांबी वाढते. उंदरांच्या प्रयोगशाळांना हे स्वस्त गणित चांगलेच मानवले. २०१४ मध्ये अमेरिकेत फेफरे येणाऱ्या कुत्र्यांच्या आणि रुग्णांच्या नोंदींवर आकडी ओळखण्याची खुली स्पर्धा झाली; न्यूरल नेटवर्कही या कामाला लागले.

तरी उंदीर अंग खाजवू लागला किंवा काही कुरतडू लागला की यंत्र अजूनही फसते. बरोबर-चूक ठरते तीही तज्ज्ञाने आधी केलेल्या खुणांवरून, आणि दोन तज्ज्ञांच्या खुणा नेहमी जुळतातच असे नाही. म्हणून यंत्राने वेगळे काढलेले तुकडे माणसाने पुन्हा पाहिल्याशिवाय आकडी किती वेळा आली याची मोजदाद ग्राह्य धरू नये.