एका दिवसाचे जेवण, जन्माची वेठ

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील अतिभोजनाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा आरंभ उपासमारीपासूनच करावा लागतो, कारण या डोंगरपट्टीत पोट तट्ट फुगेस्तोवर जेवण्याचे जे मोजके दिवस येत ते सुगीनंतरच्या काही महिन्यांतच येत आणि त्यांच्या पाठोपाठ पावसाळ्याचे उपास ठरलेले असत. वारली, कोकणा, दुबळा, मल्हार कोळी यांच्या घरातील कणगी, म्हणजे धान्य साठवण्याची शेणाने लिंपलेली कुडाची कोठी, बहुधा आषाढ येईतो तळाला लागे आणि पुढचे दिवस रानावर काढावे लागत. पहिल्या पावसाने वर येणारी शेवळे घशाला खाजतात, म्हणून ती काकड नावाच्या आंबट फळांच्या संगतीने शिजवीत. कडूकंद तर विषारीच, तेव्हा त्याच्या पातळ चकत्या करून, राख घालून उकडून, रात्रभर वाहत्या ओहळात ठेवीत आणि कडवटपणा उतरल्यावरच मुलांच्या पुढ्यात घालीत. एवढा खटाटोप कोणी जिभेच्या चोचल्यासाठी करीत नाही.

या समाजाला संयम ठाऊक नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. वारल्यांत कणसरी ही धान्याची देवता मानली जाते आणि नवे पीक देवाला व पितरांना दाखविल्यावाचून तोंडात घालीत नाहीत. भुकेलेल्या माणसाने उभ्या पिकासमोर पाळलेला हा निर्बंध आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्राही याच धान्यचक्रात बसते. ती चैत्र पौर्णिमेला सुरू होऊन सुमारे पंधरवडाभर चालते आणि देवीचा ध्वज डोंगरावर चढविण्याचा मान वाघाडी गावच्या आदिवासी पुजारी घराण्याकडे आहे. मळणी उरकलेली, पाऊस अजून दोन महिने दूर आणि हातात थोडेफार धान्य शिल्लक, अशा वेळी ही यात्रा येते. लग्नेही साधारण याच हंगामात होत.

लग्न हा एका घराचा नव्हे, तर अख्ख्या पाड्याचा विधी असे. भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी देवचौक लिहीत, धवलेरी ही स्त्री पुरोहित गाणी म्हणून लग्न लावी, आणि पाहुणे जेवढे दिवस राहत तेवढे दिवस त्यांना भात, डाळ आणि ताडी पुरवावी लागे. वधूच्या घरी द्यावयाचे देज, म्हणजे वधूमूल्य, वेगळेच. यांतील पेय पूर्वी घरचेच असे, कारण ताडाची व मोहाची झाडे दारात होती. परंतु १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडीच्या झाडांवरील कर जड झाला, १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली, आणि जी वस्तू रानातून फुकट मिळे ती मक्तेदाराच्या दुकानातून रोख पैशाने घ्यावी लागली. मेजवानीचा आकार तोच राहिला, पण तिची किंमत मात्र सरकारने वाढविली.

हा पैसा सावकाराकडून येई. सावकार आणि जमीनमालक बहुधा एकच असल्याने कर्ज घेणारा कूळ असे, ऋणको असे आणि वेठीचा गडीही असे. पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेल्या उसनवार धान्याला खावटी म्हणत, आणि ते सुगीला दिढीने, म्हणजे दीडपट, किंवा त्याहून अधिक मापाने फेडावे लागे. लग्नासाठी रक्कम घेणारा तर लग्नगडी होई: कर्ज फिटेपर्यंत त्याने मालकाकडे राबायचे, बायकोनेही राबायचे, आणि हिशेब मालकाच्याच वहीत असल्यामुळे ते फिटायचे नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात वेठ आणि कर्जगुलामी यांची नोंद आहे, आणि गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात ही माणसे जवळून दिसतात.

आदिवासी खाऊन-पिऊन उडवतो म्हणून कर्जात बुडतो, हा ठपका या काळात सर्रास ठेवला जाई. इंग्रजी ‘ग्लटनी’ या शब्दाला ख्रिस्ती परंपरेतील सात घोर पापांची पार्श्वभूमी आहे आणि त्या शब्दात खादाडपणा हा खाणाऱ्या व्यक्तीचा दोष ठरतो. सावकाराला असा ठपका अर्थातच सोयीचा होता. वस्तुतः खळ्यावरूनच ज्याचे धान्य सावकाराच्या मापात जाणार, त्याने शिलकीसाठी काटकसर करावी ही अपेक्षाच पोकळ होती. उलट शेजाऱ्यांना पोटभर वाढले, तर पुढे त्यांच्या घरी आपल्याला पान मिळण्याचा हक्क राही, आणि तो हक्क कोणाच्या वहीतून खोडला जात नसे. उधळपट्टी दिसणारा हा व्यवहार हिशेबाच्या दृष्टीने बराच शहाणपणाचा होता.

मे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत किसान सभेच्या झेंड्याखाली जमलेल्या वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. लग्नगड्यांची पद्धत त्या लढ्याने मोडली. वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा आला तो तीन दशकांनी, १९७६ साली. पावसाळ्यातील भूक मात्र राहिली, म्हणून १९७८ पासून राज्य शासनाने आदिवासींना कर्ज देण्यास आरंभ केला आणि त्या योजनेला सावकाराच्याच वहीतले नाव दिले, खावटी. २०२० च्या टाळेबंदीत तिचे अनुदानात रूपांतर झाले, तेव्हा प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपये ठरले, निम्मे रोख आणि निम्मे किराण्याच्या रूपाने.