सहा जत्रांचा मुलूख

शँपेन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल ते एका फेसाळ मद्यामुळे. त्या मद्याचा बोलबाला फार पुढचा. बाराव्या-तेराव्या शतकात या मुलखाचे नाव युरोपभर गाजत होते ते तिथल्या बाजारांमुळे. फ्रान्समधला, पॅरिसच्या पूर्वेकडचा हा प्रदेश. समुद्र दूर, सोन्याचांदीच्या खाणी नाहीत. इथला धनी काउंट, म्हणजे फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. आपल्या समजुतीसाठी त्याला वंशपरंपरेचा मोठा जहागीरदार म्हणा. त्याची जहागीर ती काउंटी. अशा जहागिरी त्या काळी पुष्कळ होत्या. मग व्यापारी आल्प्सचे घाट ओलांडून याच मुलखात का येत?

1125 साली ह्यूग नावाच्या काउंटाने जहागीर सोडली आणि तो जेरुसलेमला जाऊन टेंपलर या लढवय्या संन्याशांच्या संघात सामील झाला. शँपेन त्याच्या पुतण्याकडे, थिबोकडे आले. थिबोकडे ब्ल्वा आणि शार्त्र ही घराण्याची जुनी ठाणी आधीच होती. पण हा मनुष्य हिशेबी. त्रुवा, प्रोव्हँ वगैरे गावांत संतांच्या सणानिमित्त जत्रा भरत असत, त्यांत त्याने जीव ओतला. 1152 साली तो वारला तेव्हा वडील मुलगा आँरी याच्या वाट्याला जुनी ठाणी न येता शँपेन आले, आणि जुनी ठाणी धाकट्याकडे गेली. घराण्याचे वजन कुठे सरकले होते ते एवढ्यावरून दिसते.

आपल्याकडे आठवडी बाजार या गावाहून त्या गावी फिरतो ना, तसाच हा प्रकार. फक्त आठवड्याच्या जागी वर्ष धरा. जानेवारीत लान्यी, मग ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बार-सूर-ओब, मे महिन्यात प्रोव्हँ, जुलैत त्रुवा, सप्टेंबरात पुन्हा प्रोव्हँ आणि नोव्हेंबरात पुन्हा त्रुवा. त्रुवाच्या दोन जत्रांना लोक ‘उन्हाळी’ आणि ‘थंडीची’ म्हणत. एकेक जत्रा दीड-दोन महिने चाले. पहिले काही दिवस माल मांडण्यात जात, मग कापडाची विक्री, मग चामड्याची, मग मिरी-मसाल्यासारख्या वजनी मालाची, आणि शेवटी देण्याघेण्याचा हिशेब. उत्तरेकडून फ्लँडर्सचे लोकरी कापड येई. दक्षिणेकडून इटलीचे सावकार-व्यापारी रेशीम, मसाले आणि मुख्य म्हणजे पैसा घेऊन येत. हिशेबही असा की, या जत्रेत घेतलेले कर्ज पुढच्या जत्रेत फेडायचे. प्रोव्हँच्या नाण्याची पत एवढी वाढली की रोम शहराने त्याच्या नमुन्यावर आपली नाणी पाडली. सोन्याचे भाव आजही ज्या ‘ट्रॉय’ औंसात सांगतात, ते नावही बहुधा या त्रुवावरूनच आलेले.

पण जागा सोयीची, म्हणून बाजार भरला, एवढेच म्हणून भागत नाही. सोयीच्या जागा इतरही होत्या. 1148 च्या सुमाराची गोष्ट पाहा. व्हेझले गावचे काही सराफ जत्रेला निघाले असता राजाच्या हद्दीत, राजमार्गावर लुटले गेले. लुटणारा होता एका सरदाराचा मुलगा. राजा सातवा लुई त्या वेळी धर्मयुद्धावर होता आणि कारभार सुझेर नावाच्या मठाधिपतीकडे होता. थिबोने त्यालाच लिहिले की या लुटीने माझ्या जत्रांचा नाश होईल, मी ही गोष्ट सोडणार नाही, भरपाई झालीच पाहिजे. हे सराफ त्याची प्रजा नव्हते, लूट त्याच्या हद्दीत झाली नव्हती. तरी माझ्या बाजाराला निघालेला माणूस तो माझा, असे तो म्हणत होता. आपल्याकडे पेठ वसवताना कौल देत, तसाच हा वाटेवरच्या संरक्षणाचा कौल. पुढे जत्रांवर खास रखवालदार नेमले गेले. ते करार शिक्क्यानिशी नोंदवीत आणि तंटे तोडीत. एखादा कर्जदार पळाला आणि त्याच्या शहराने दाद दिली नाही, तर त्या शहराच्या सगळ्याच व्यापाऱ्यांना जत्रा बंद!

आँरीने 1172 च्या सुमारास आपल्या सुमारे 2,000 मांडलिकांची यादी करवली. म्हणजे दप्तरही चोख. मात्र या घराण्याला पूर्वेकडच्या धर्मयुद्धांचे वेड होते. त्याचा मुलगा, दुसरा आँरी, जेरुसलेमच्या राज्याचा धनी झाला आणि 1197 साली अक्का शहरात खिडकीतून पडून मेला. धाकटा भाऊ तिसरा थिबो 1201 मध्ये ऐन तारुण्यात वारला. मागे राहिली गरोदर विधवा, नाव्हार राज्याची राजकन्या ब्लांश. काही दिवसांतच मुलगा झाला. दुसऱ्या आँरीच्या मुलीने आणि तिच्या नवऱ्याने पुढे जहागिरीवर हक्क सांगितला, लढाई पेटली. ब्लांशने राजाला सांभाळून घेतले, सरदारांना थोपवले, दस्तऐवजांच्या नकलांची बाडे करवली, आणि 1222 साली मुलाच्या हाती अखंड जहागीर ठेवली. एकवीस वर्षे! माझ्या मते या घराण्यातली सर्वांत कर्तबगार व्यक्ती हीच. मुलगा चौथा थिबो कवी म्हणून नावाजला आणि 1234 साली आजोळच्या नाव्हारचा राजाही झाला.

त्यानंतर वंश आटला. 1274 मध्ये शेवटचा पुरुष वारस गेला आणि सारे आले झान नावाच्या दीड वर्षाच्या मुलीकडे. 1284 मध्ये तिचे लग्न फ्रान्सच्या युवराजाशी लागले. पुढल्याच वर्षी तो राजा झाला. तोच चौथा फिलिप. लढाई नाही, वेढा नाही, लग्नाच्या मांडवातून शँपेन राजाच्या घरी गेले.

आता वरकरणी बाजाराचे भाग्य उजळायला हवे होते, कारण रक्षण करणारा अधिक बलवान. झाले उलटे. काउंटाचे पोट जत्रेवर, म्हणून त्याला फ्लँडर्सचा काय, इटलीचा काय, सगळे सारखे. राजाला मात्र लढाया होत्या आणि त्यांसाठी पैसा हवा होता. 1291 साली त्याने इटालियन व्यापाऱ्यांना धरून पैसे उकळले. फ्लँडर्सशी युद्ध जुंपल्यावर तिथल्या कापडवाल्यांची वाट बंद झाली. 1306 मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवून त्यांची मालमत्ता जप्त केली. काही अभ्यासक म्हणतात, जिनोव्हाची गलबते 1277 पासून थेट फ्लँडर्सला जाऊ लागली, त्याने जत्रा बुडाल्या. हे कारण खरेच, पण सुरुवातीची गलबते थोडी होती. समुद्राची वाट लांबची आणि धोक्याची होती. खुष्कीच्या वाटेवर भरवसा असता तर माणसे इतक्या लवकर ती सोडून गेली नसती, असे मला वाटते.

1349 साली, प्लेगची साथ देश उजाड करीत असता, सहाव्या फिलिपने जत्रांचे जुने हक्क पुन्हा बहाल करण्याचा हुकूम काढला. तोवर इटलीच्या पेढ्यांचे मुनीम ब्रूझ आणि पॅरिसला कायमची दुकाने थाटून बसले होते. ते परत आले नाहीत. प्रोव्हँची तटबंदी आणि मालासाठी बांधलेली कमानदार तळघरे मात्र उभी राहिली, आणि 2001 साली युनेस्कोने या गावाची जागतिक वारशात नोंद केली ती ‘मध्ययुगीन जत्रांचे गाव’ म्हणूनच.