एक इंचाची करामत

1964 साली पाँटिअ‍ॅकने ‘जीटीओ’ बाजारात आणली, ती जनरल मोटर्सच्याच एका नियमाला बगल देऊन. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा तो नियम. कंपनीचा अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘टेम्पेस्ट लेमान्स’मध्ये 389 घनइंचांचं इंजिन बसवलं आणि कागदोपत्री त्याला नवं मॉडेल न म्हणता जादा पैसे मोजून मिळणारा पर्याय म्हटलं. ताकद 325 हॉर्सपॉवर. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे, आणि टायर जेमतेम साडेसात इंच रुंदीचे.

अमेरिकी ‘मसल कार’चा जन्म असा झाला आणि तिचं व्यंगही तिच्यासोबतच जन्मलं. मोठं इंजिन कारखान्यात तयारच होतं, ते उचलून छोट्या गाडीत ठेवणं स्वस्त होतं. सस्पेन्शन नव्याने आखायचं तर साचे आणि यंत्रं बदलावी लागली असती. गिऱ्हाईकही शोरूममध्ये हॉर्सपॉवरचा आकडा विचारायचं. वळणावर चाक किती कलतं हे विचारणारा विरळा. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत आणि ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल सरळ धावायचं असे. वळण येणारच नसेल तर वळणाची तयारी कशाला करायची?

त्याच 1964च्या 17 एप्रिलला फोर्डने ‘मस्टँग’ लोकांपुढे ठेवली. किंमत 2,368 डॉलर, आणि पहिल्याच दिवशी बावीस हजारांच्या घरात नोंदणी. दिसायला देखणी, पण आतून ती फोर्डची साधी घरगुती ‘फाल्कन’ होती. तिला शर्यतीची गाडी करण्याचं काम शर्यतीच्या गाड्या घडवणाऱ्या कॅरोल शेल्बीकडे आलं. त्यात सोबतीला होते शेल्बीचा चालक आणि चाचणीतज्ज्ञ केन माइल्स, आणि फोर्डचा अभियंता क्लाउस आर्निंग. या आर्निंगचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, हा त्याच्यावर अन्यायच म्हणायचा. पुढच्या चाकाच्या वरच्या आर्मची आतली बिजागरी एक इंच खाली घ्यायची, एवढीच त्याची सूचना होती.

एका इंचाने काय साधतं? गाडी वळताना बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं. मग टायरची पूर्ण पट्टी रस्त्यावर न राहता सगळा भार त्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. आर्मची बिजागरी खाली घेतली की सस्पेन्शन दबताना चाकाचं डोकं आत ओढलं जातं आणि रबर सपाट टेकतं. नवा सुटा भाग लागत नाही, फक्त जागा बदलून नवी भोकं पाडायची. शेल्बीच्या मस्टँगला, म्हणजे 1965च्या ‘जीटी 350’ला, ही भोकं पडली; सोबत कोनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, जाड अँटी-रोल बार, 15 इंची चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलला आवरणारे दांडे आले. किंमत 4,547 डॉलर, म्हणजे साध्या मस्टँगच्या जवळपास दुप्पट. त्या वर्षी 562 गाड्या बनल्या. ही गाडी फार कडक आहे, अंग हेलपाटतं, अशी कुरकुर गिऱ्हाइकांनी केली आणि 1966च्या गाड्यांमधून खर्च वाचवण्यासाठी ती एक इंचाची करामत काढून टाकली गेली. कारखान्याने टाकलेली युक्ती गॅरेजवाल्यांनी उचलली. ‘शेल्बी ड्रॉप’ या नावाने ती आजही जुन्या मस्टँगवर होते, आणि बिजागरीची नवी भोकं आखायला तयार पत्र्याचा साचा मिळतो.

1966 सालीच ‘ट्रान्स-अ‍ॅम’ शर्यती सुरू झाल्या. इंजिनाला पाच लिटरची मर्यादा, आणि रस्ता वळणावळणांचा. आता नुसत्या ताकदीवर भागणार नव्हतं. शेव्हरलेने 302 घनइंचांची ‘कॅमारो झी/28’ काढली. 1967 मध्ये अशा 602च विकल्या गेल्या. या गाडीच्या मागे प्रत्येक बाजूला स्प्रिंगचा एकच पाटा असे. जोरात निघताना तो पिळवटायचा, अ‍ॅक्सल थडथड उडायचा. पुढल्या वर्षी कंपनीने मागचे दोन शॉक एक अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे असे तिरपे बसवले, तेव्हा कुठे ती उडी कमी झाली. रॉजर पेन्स्केच्या संघातून मार्क डोनह्यूने 1968च्या 13 पैकी 10 शर्यती कॅमारोतून जिंकल्या. इंजिन तर चांगलं होतंच. पण शॉक, स्प्रिंग आणि आठ इंची मॅग्नेशियमच्या मिनिलाइट रिम यांवर त्या संघाने जो वेळ घातला तो बाकीच्यांनी घातला नव्हता.

फोर्डचं उत्तर 1969ची ‘बॉस 302’. तिला सात इंची रिमवर गुडइयरचे एफ60-15 टायर होते, बुटके आणि रुंद. या रबराची पकड इतकी वाढली की वळणावरचा ताण थेट बॉडीवर जाऊ लागला आणि ज्या पत्र्याच्या बुरुजांत स्प्रिंग आणि शॉक बसतात ते बुरुज फोर्डला जादा मजबूत करावे लागले. पुढच्या सगळ्या इतिहासाची चाल इथेच दिसते: टायर आधी सुधारतो, आणि गाडी धापा टाकत त्याच्यामागे जाते. पकड नसेल तर चाक घसरून मोकळं होतं. पकड आली की तोच भार बिजागऱ्या, बुश आणि चेसिस यांना सोसावा लागतो.

या गाड्या मुळात तिरप्या धाग्यांच्या जुन्या बायस-प्लाय टायरांसाठी आखलेल्या होत्या. मिशलँचा रेडियल टायर युरोपात 1949 पासून धावत होता, पण अमेरिकी गाडीवर तो कारखान्यातूनच चढायला 1970ची ‘लिंकन मार्क थ्री’ यावी लागली. रस्त्यावरच्या हौशी पोरांनी मात्र वेगळाच मार्ग धरला होता. मागच्या पाट्यांना लांब शॅकल लावून किंवा हवेचे शॉक फुगवून शेपूट वर करायचं आणि खाली भलेमोठे टायर घालायचे. दिसायला झकास. चालवायला? पुढचा भाग खाली, मागचा वर, वजन भलतीकडे, आणि वळणावर देवाचं नाव.

पाँटिअ‍ॅकने 1978 मध्ये ‘ट्रान्स अ‍ॅम’ गाडीला ‘डब्ल्यूएस6’ नावाचा पर्याय दिला: आठ इंची रिम, जाड रोल बार. तेलटंचाई आणि प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनं पार खच्ची केली होती. या गाडीचं 6.6 लिटरचं इंजिन जास्तीत जास्त 220 हॉर्सपॉवर देई. ताकद गेली तेव्हा कंपनीला वळणं आठवली!

1980च्या दशकात ‘प्रो स्ट्रीट’ची लाट आली. मागचा अ‍ॅक्सल अरुंद करून, डिकी आणि मागच्या सीटची जागा कापून अवाढव्य चाकं आत घालायची. बऱ्याच गाड्या प्रदर्शनापुरत्याच. तिला खरं उत्तर दिलं ते जनरल मोटर्सचाच अभियंता मार्क स्टिलोने. त्याने 1969च्या कॅमारो अशा घडवल्या की त्या ‘वन लॅप ऑफ अमेरिका’सारख्या स्पर्धेत हजारो मैल रस्त्याने जाव्यात आणि वाटेत ट्रॅकवरही उतराव्यात. या पंथाला ‘प्रो टूरिंग’ म्हणतात. त्याच्या शिदोरीत जुनंही पुष्कळ होतं. कॅमारोच्या वरच्या आर्मची जागा खाली घेण्याची युक्ती शर्यतपटू डिक गुल्डस्ट्रँडच्या नावाने चालते, आणि तिचं तत्त्व आर्निंगचंच आहे. शेव्हेलसारख्या गाडीवर भंगारातल्या मोठ्या कॅप्रिसचे उंच स्पिंडल बसवून हाच परिणाम साधणारेही पुष्कळ होते.

रुंद चाक बसवताना आज पहिलं माप रिमच्या आतल्या बाजूचं घेतात, कारण ती बाजू शॉकला किंवा चेसिसला घासते. बाहेरची बाजू मडगार्डची आतली कड रोलरने दुमडून सोडवता येते. मूळ पाटे ठेवायचे तर मागे फार रुंद टायर मावत नाही. आतली चाकघरं कापून रुंद केली, की कॅमारोच्या मागे 335 मिलिमीटरचा टायर जातो, म्हणजे मूळच्या जीटीओच्या टायरहून पाऊणपट जास्त. पण कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, आणि अस्सल झी/28ची किंमत अस्सलपणालाच मिळते. म्हणून अशी कापाकापी बहुतेक वेळा साध्या इंजिनाच्या कॅमारोवर होते, आणि खऱ्या झी/28चा मालक फक्त नटबोल्टने लागणारे आणि निघणारे भाग घेतो.