रामशेज: शत्रूनं लिहून ठेवलेला आपला इतिहास

पंचवटीकरांनो, पेठ रोडनं गाडी काढली की अर्ध्या तासात आशेवाडी येते. गावाच्या डोक्यावर रामशेज. नाव रामाच्या शेजेवरून पडलं, म्हणून आपली माणसं देवदर्शनाला जातात, वर भेळ खातात, फोटो काढतात आणि उतरतात. जा की, पण वर काय घडलं तेही मुलांना सांगा.

१६८२ साली औरंगजेब दख्खनेत उतरला आणि त्याच्या सरदारांनी सुरुवातीलाच हात घातला तो या किल्ल्याला. रायगड-राजगडापुढे हा अगदीच बुटका. पोरखेळ वाटला असणार! शहाबुद्दीन खानानं वेढा घातला, किल्ल्यावर मारा करायला लाकडी दमदमा उभारला, तरी जमेना. मग बहादूरखान आला. तोही थकला आणि एका मांत्रिकाच्या नादी लागून सोन्याचा नाग करून बसला. नाग घेऊन पुढं निघालेल्या मांत्रिकाच्या छातीवर वरून दगड बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे.

गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, दारू मात्र होती. मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, कातड्यानं मढवले आणि त्याच्या तोफा केल्या. हे मी पोवाड्यातलं सांगत नाही. मोगलांचा इतिहासकार खाफीखान हे लिहून गेलाय. किल्ला पाच वर्षांहून अधिक लढला, आणि पडला तो फितुरीनं.

युक्रेनमध्ये रशियाच्या कॅथरीन राणीनं १७७५ मध्ये कोसॅकांचं ठाणं मोडलं. पुढं शेवचेन्कोच्या कवितेनं त्यांची आठवण जागती ठेवली. आपल्याकडे १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवरायांचा पोवाडा लिहिला, १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकारानं रायगडावर उत्सव झाला, आणि नाशकात मित्रमेळ्याची पोरं शिवजयंती करू लागली. राज्य गेलेल्या माणसांना आधी आठवण परत मिळवावी लागते.

आता माझी तक्रार. आपल्या मिरवणुकीत डीजे असतो, पुढाऱ्यांचे फ्लेक्स असतात. रामशेज कुठं असतो? इतकी वर्षं गड झुंजवणाऱ्या किल्लेदाराच्या नावावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि मंडळं भांडतात कशावर, तर तिथी की तारीख! यंदा पंचवटीतल्या एखाद्या मंडळानं तरी लाकडी तोफेचा देखावा करावा. खर्च फार नाही. सुतार आपल्याच गल्लीत आहेत.